सुपरचार्जर निवडायचाय? आधी आकडा नीट मांडा

मागच्या एपिसोडनंतर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली: "दादा, मस्टँगला ६०० हॉर्सपॉवर करायचे तर कुठला सुपरचार्जर बेस्ट?" प्रश्न अगदी वेळेवर आला, कारण गेले तीन महिने मी स्वतः याच हिशेबात आहे. मी टेक्सासमध्ये राहतो. माझ्याकडे २०१६ ची मस्टँग जीटी आहे, पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, मॅन्युअल गिअर. घरात गाडी ही एकच. ऑफिसलाही हीच आणि शनिवारी ट्रॅकवरही हीच. वॉरंटी कधीच संपलीय. म्हणजे पिस्टन फुटला तर खर्च माझा, आणि सोमवारी ऑफिसला जायचे वांधेही माझेच.

सॉफ्टवेअरमध्ये आपण आधी रिक्वायरमेंट लिहितो आणि मग टूल निवडतो. इथेही तेच करायचं. आधी किट आणि मग हिशेब, हे वरातीमागून घोडं झालं.

पहिला प्रश्न: ६०० हॉर्सपॉवर, पण कुठे मोजलेली? कंपनी सांगते तो आकडा क्रँकवरचा असतो. माझ्या गाडीचा ४३५. डायनोवर मोजतात ती चाकांवरची ताकद. गिअरबॉक्स, शाफ्ट आणि मागचा अ‍ॅक्सल मिळून साधारण १५ टक्के खातात, म्हणजे ४३५ चे चाकांवर ३७० च्या आसपास उरतात. दोघं मित्र "माझी ६००" म्हणून भांडतात, तेव्हा बऱ्याचदा दोघं वेगळ्या जागेचा आकडा सांगत असतात.

माझं टार्गेट चाकांवर ५५०. उलटं गणित केलं तर क्रँकवर सुमारे ६५०.

आता सुपरचार्जर म्हणजे काय? इंजिनच्या बेल्टवर फिरणारा हवेचा पंप. जास्त हवा आत गेली की जास्त पेट्रोल जाळता येतं. पण हा पंप फुकट फिरत नाही. डॉजच्या हेलकॅटचा सुपरचार्जर पूर्ण जोरात फिरवायला सुमारे ८० हॉर्सपॉवर लागते, असं खुद्द कंपनीनेच सांगितलं होतं. माझ्या बाबतीत ५० धरू. म्हणजे इंजिनने ७०० तयार करायचे, तेव्हा मला ६५० मिळणार. ७०० भागिले ४३५, म्हणजे १.६ पट हवा. बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पीएसआय, त्याच्या वर साधारण ९ पीएसआय बूस्ट. हा कागदावरचा अंदाज आहे, प्रत्यक्षात थोडं कमी-जास्त होणार. पण निदान आपण ५ च्या नाही, १५ च्याही नाही, ९ च्या आसपास आहोत एवढं कळलं.

"मग शेल्बी जीटी५०० सारखा १२ पीएसआय का नको?" कारण २०२० च्या जीटी५०० चं कॉम्प्रेशन ९.५ ला १ आहे. ती कंपनीतूनच सुपरचार्जर धरून बनवलेली आहे, ७६० हॉर्सपॉवरची. माझ्या इंजिनचं कॉम्प्रेशन ११ ला १. आधीच घट्ट दाबलेल्या हवेत आणखी हवा कोंबली, की पेट्रोल स्पार्कच्या नियंत्रणाबाहेर स्वतःहून पेटायला लागतं. हेच नॉकिंग, आणि इंजिन मरतं ते बहुतेक वेळा यानेच. इथे पंपावर ९३ ऑक्टेन मिळतं म्हणून ९ पीएसआयचा विचार तरी करता येतो. कॅलिफोर्नियात सहसा ९१ वर भागवावं लागतं, तिथे ट्यून आणखी सौम्य हवा. आणि भारतातल्यांनो, अमेरिकेतलं ९३ म्हणजे आपल्याकडच्या मोजणीत साधारण ९७-९८. दोन्ही आकडे थेट ताडू नका.

आता मुख्य निवड. ढोबळमानाने दोन घराणी आहेत.

एक, पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट. यात रूट्स आणि ट्विन-स्क्रू असे दोन प्रकार येतात. हा इंजिनच्या डोक्यावर बसतो आणि प्रत्येक फेऱ्याला ठरलेली हवा ढकलतो. त्यामुळे अडीच हजार आरपीएमलाच जवळजवळ पूर्ण बूस्ट हजर.

दुसरा सेंट्रिफ्यूगल. दिसायला टर्बोसारखा, इंजिनच्या पुढे बसतो. याचा बूस्ट साधारण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७००० ला ९ पीएसआय मिळत असेल, तर ३५०० ला निम्मा नाही, पाव मिळतो! म्हणजे सव्वादोन.

इथे नीट लक्ष द्या. डायनोच्या कागदावर दोघांचा सर्वात वरचा आकडा ५५० असू शकतो, पण रस्त्यावर त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत. सिग्नलवरून निघताना आणि शहरात गाडी बहुतेक वेळ २००० ते ४००० च्या मध्येच असते. तिथे पहिला प्रकार सीटमध्ये दाबतो, दुसऱ्यात गाडी जवळपास पूर्वीसारखीच वाटते.

मग सगळे पहिलाच का घेत नाहीत? कमी आरपीएमला एवढा टॉर्क आला की मागचे टायर जागेवर फिरतात, आणि कनेक्टिंग रॉडवर सर्वात जास्त ताण तिथेच येतो. शिवाय तो गरम इंजिनवर बसलेला. टेक्सासच्या ४० अंशांत, ट्रॅकवर लागोपाठ लॅप मारले की त्याच्या इंटरकूलरचं पाणी तापतं आणि ट्यून स्पार्क मागे खेचतो. ताकद गळते. सेंट्रिफ्यूगलचा इंटरकूलर बहुधा पुढे वाऱ्यात असतो, त्यामुळे लांब पल्ल्याला तो जास्त टिकतो.

मी सेंट्रिफ्यूगलकडे झुकलोय. ट्रॅकवर मी वरच्या आरपीएममध्येच असतो आणि इंजिन आतून उघडायचं नाहीये. त्याची किंमतही स्पष्ट सांगतो: सात-आठ हजार डॉलरचं किट लावून रोज ऑफिसला जाताना मला फारसा फरक जाणवणार नाही. तुम्हाला सिग्नलवरची मजा हवी असेल, तर तुमचं उत्तर माझ्या उलट असेल आणि तेही बरोबरच असेल.

आता ज्याचा व्हिडिओ कुणी बनवत नाही तो भाग: पेट्रोल. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बूस्टवर एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण ०.६ पौंड पेट्रोल लागतं. ६५० गुणिले ०.६, म्हणजे ३९०. आठ इंजेक्टरमध्ये वाटलं की प्रत्येकी ४९. इंजेक्टर ८० टक्क्यांवर चालवायचा ठरवला, तर ६१ पौंडाचा हवा. पंपही तेवढं पुरवणारा हवा. किट विकणाऱ्याला हे दोन आकडे आधी विचारा. उत्तर द्यायला तो घुटमळला, तर दुसरं दुकान बघा.

म्हणूनच मी चाकांवर ६०० म्हणत नाही. त्या शेवटच्या ५० साठी पुली बदलली की बूस्ट वाढतो, मग पंप, क्लच, अ‍ॅक्सल अशी रांग लागते. माझं बजेट दहा हजार डॉलर आहे. त्यातले हजारभर मी ट्यूनिंग, वाइडबँड सेन्सर आणि ब्रेक पॅडसाठी आधीच बाजूला काढलेत. ट्यून झाल्यावर डायनोचा आकडा नंतर बघा, आधी लॉग बघा: नॉकमुळे स्पार्क किती मागे जातोय, आत जाणारी हवा किती तापतेय, आणि पूर्ण थ्रॉटलला हवा-पेट्रोलचं प्रमाण साडेअकरा ते बाराच्या आसपास राहतंय का.

भारतातल्या मित्रांसाठी एक गोष्ट. हीच व्ही-८ मस्टँग २०१६ पासून आपल्याकडेही विकली गेली, थोड्या कमी ताकदीची. पण तिकडे किट लावायच्या आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीच्या मूळ नोंदीपासून गाडी बदलणं सरळ नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. इकडेही कॅलिफोर्नियात मंजुरी क्रमांक असलेलंच किट चालतं.

तर व्हॉइस नोटवाल्या भावा, तुझं उत्तर: कुठे मोजलेले ६००, कुठल्या आरपीएमला हवेत, कुठल्या पेट्रोलवर, आणि इंजिन गेलं तर खिशात किती आहेत? हे चार मला पाठव. सुपरचार्जरचं नाव त्यातून आपोआप निघेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. सांभाळून चालवा!