विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि आपली व्यापारी पेढी
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केदारखेडा येथे दिलेले व्याख्यान)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव माझ्याहून अधिक अधिकारी वक्त्यांनी आपल्यापुढे केलाच आहे. मला 'शिक्षण आणि व्यापार' हा विषय देण्यात आला. मी शिक्षणतज्ज्ञ नव्हे. चाळीस वर्षांपूर्वी बी.कॉम. झालो आणि तेव्हापासून कापड मोजण्यात आयुष्य गेले. तेव्हा या विषयाचा जो एक कोपरा माझ्या दुकानाच्या उंबरठ्याशी येऊन थांबला, तेवढ्याविषयीच बोलतो. तो कोपरा म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी उद्योग-व्यापारात जाऊन करावयाचे प्रकल्प.

प्रथम एक कबुली देणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी परिचयातील एका कुटुंबाचा मुलगा दुकानात आला. म्हणाला, "काका, कॉलेजात प्रकल्प द्यायचा आहे. तुमच्या लेटरहेडवर दोन ओळी आणि खाली शिक्का, एवढेच हवे." मजकूर त्याने घरूनच लिहून आणला होता. सदर विद्यार्थ्याने आमच्या पेढीत सहा आठवडे राहून मालसाठ्याच्या व्यवस्थापनाचा अभ्यास केला, असा तो मजकूर. मुलगा दुकानात होता दहा मिनिटे, त्यातही अर्धा वेळ चहात गेला. मी सही केली, शिक्का मारला, वर त्याला शुभेच्छाही दिल्या. आपल्या माणसाचे काम झाले, याचे समाधानच वाटले.

त्याच वर्षी पर्युषणात प्रतिक्रमणाला बसलो असता दुसऱ्या व्रताचे अतिचार आले आणि त्यांत 'कूटलेख' हा शब्द आला. खोटा लेख लिहिणे. इतकी वर्षे तो शब्द कानांवरून गेला होता, त्या दिवशी मात्र तो थेट माझ्या गल्ल्यातील रबरी शिक्क्याला जाऊन भिडला. पुढे तिसऱ्या व्रताच्या अतिचारांत खोटे माप येते. गज आखूड ठेवण्याचे पाप माझ्या वडिलांनी कधी केले नाही, मीही केले नाही. परंतु सहा आठवड्यांचे माप मी दहा मिनिटांत भरून दिले होते. त्या मुलाचे यात काय नुकसान झाले, ते तो नोकरीच्या मुलाखतीला बसला तेव्हा कळले. "कापड दुकानात मालसाठा कसा लावतात?" असे त्याला विचारण्यात आले आणि त्याला एक वाक्यही सांगता आले नाही. हे त्यानेच मला येऊन सांगितले. त्याच्या स्वरात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले.

मित्रहो, अभियांत्रिकीच्या मुलांना शेवटच्या वर्षी प्रकल्प करावा लागतो, हे आपण पूर्वीपासून जाणतो. आता २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार वाणिज्य, कला, विज्ञान अशा सर्वच शाखांच्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण यांना गुण आहेत. महाराष्ट्रात ही रचना टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे. याचा सरळ अर्थ असा, की भोकरदन, जालना, छत्रपती संभाजीनगर येथील आपली मुले-मुली दरवर्षी कुणाच्या तरी दारात उभी राहणार. दार उघडून त्यांना आत घ्यायचे की उंबरठ्यावरच शिक्का मारून परत पाठवायचे, हे त्या दाराच्या धन्यावर आहे. आमच्या वेळी असे काही नव्हते. कीर्द-खतावणी आम्ही फळ्यावर शिकलो. घरी वडिलांची लाल बासनातील खतावणी हाताशी असूनही तिच्यातील एकही नोंद कोणा प्राध्यापकांनी आम्हांला वाचावयास सांगितली नाही.

त्या प्रसंगानंतर दोन वर्षांनी बी.कॉम.च्या दोन विद्यार्थिनी आल्या. त्यांनाही मी मनातल्या मनात शिक्केवाल्यांतच जमा केले होते. पण त्या म्हणाल्या, "आम्हांला तीन वर्षांची बिले पाहू द्या, आणि गोदामही." गोदाम! माझ्या मुलालाही मी सहजी तेथे हात लावू देत नसे. सौभाग्यवतींच्या आग्रहाने परवानगी दिली. पाच आठवडे त्या मुली सकाळी दहाला येत. प्रत्येक ताक्याला, प्रत्येक गठ्ठ्याला त्यांनी चिठ्ठी लावली. माल कोणत्या महिन्यात आला, शेवटचा वार कधी विकला गेला. शेवटी त्यांनी सांगितले, की गोदामातील जवळजवळ चौथा हिस्सा माल दोन वर्षांत हललेलाच नाही. त्यांत सर्वांत मोठा भाग नऊवारी लुगड्यांचा होता.

मला राग आला. चार दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही. लुगडी हा आमच्या पेढीचा मान. वडिलांच्या काळापासून दर दिवाळीआधी ठरलेल्या संख्येने ती मागवली जात. मुलींचा प्रश्न साधा होता : "काका, नऊवारी नेसणाऱ्या आजी दरवर्षी कमी होत आहेत, मग मागणीचा आकडा तोच कसा?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. गावातील कोणती वृद्धा कधी गेली, हे मला ठाऊक होते. त्यांच्या दहाव्याला मी गेलो होतो. परंतु ती गोष्ट मी सुरतेच्या आणि मालेगावच्या मागणीपत्राशी कधी जोडली नाही.

त्या मुलींचे सारेच बरोबर होते, असेही नव्हे. त्यांनी अहवालात लिहिले, उधारी बंद करावी. पुस्तकाप्रमाणे ते योग्यच. मी त्यांना २०१२-१३ ची खतावणी काढून दाखविली. त्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या आणि शेतकऱ्याच्या हाती रोकड राहिली नाही. त्या वर्षी उधारी बंद केली असती, तर पुढे सुकाळात ही गिऱ्हाइके माझ्या दारी कशाला आली असती? आणि लेकीचे लग्न काढलेल्या माणसाला बस्ता बांधल्याशिवाय परत पाठवायचे, हे व्यापारातही बसत नाही व धर्मातही. मुलींनी ते ऐकून घेतले, उधारीच्या नोंदी पुन्हा मांडल्या आणि कापूस घरात येण्याच्या महिन्यांप्रमाणे वसुलीचा एक तक्ता करून दिला. तो तक्ता आजही माझ्या गल्ल्याच्या वर लावलेला आहे. त्यांना त्यांचे गुण मिळाले, मला माझे गोदाम परत मिळाले.

आपल्या जिल्ह्यालाच हे नवे नाही. 'जालना सोन्याचा पाळणा' असे आपण अभिमानाने म्हणतो. तेथे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, आणि पोलादाच्या सळयांच्या कारखान्यांनी तर जालन्याचे नाव देशभर नेले. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने २०१८ साली आपला मराठवाडा परिसर जालन्यात सुरू केला. तेथील पाच वर्षांच्या एम.टेक. अभ्यासक्रमात विद्यार्थी काही काळ वर्गात आणि काही काळ प्रत्यक्ष कारखान्यात, अशी आलटूनपालटून रचना आहे. कापडवाल्याने सांगण्यासारखी गोष्ट अशी, की ही मूळ संस्था १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली, तेव्हा तिच्या पहिल्या दोन अभ्यासक्रमांपैकी एक वस्त्ररसायनाचा होता. गिरण्या शेजारी होत्या. त्यांना रंग, विरंजन, खळ यांचे जाणकार हवे होते. शिक्षणाने व्यापाराचे दार ठोठावले, तसेच व्यापारानेही शिक्षणाचे ठोठावले होते.

आता याहून मोठे उदाहरण. 'जयपूर फूट' आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. आपल्या समाजातील कित्येकांनी त्याच्या शिबिरांना हातभार लावला असेल. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या प्रयत्नांतून १९६८ च्या सुमारास तो पाय घडला. श्री. डी. आर. मेहता यांनी १९७५ मध्ये, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या सुमारास, भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन करून तो गोरगरिबांना विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. पाऊल उत्तम होते, अडचण गुडघ्याची होती. मांडीपासून पाय गेलेल्या माणसाला साधा बिजागरीसारखा गुडघा बसविला, तर चालताना तो अचानक दुमडून माणूस पडण्याचा धोका असे. परदेशी गुडघे चांगले, परंतु त्यांची किंमत हजारो डॉलर. समितीने आपली ही उणीव झाकून न ठेवता अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांपुढे मांडली. वर्गातील प्रकल्प म्हणून त्या मुलांनी ती हाती घेतली, ती जयपूरला आली, कारागिरांजवळ बसली, अपंग बांधवांची चाल पाहिली. तेल मुरविलेल्या नायलॉनचा, एकाऐवजी अनेक सांध्यांवर फिरणारा गुडघा त्यांनी तयार केला. खर्च सुमारे २० डॉलर. २००८ पासून तो प्रत्यक्ष रुग्णांना बसू लागला आणि २००९ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने वर्षातील उत्तम ५० शोधांत त्याचा समावेश केला. ज्या मुलांनी तो केला ती आपल्या धर्माची नव्हती, देशाचीही नव्हती. समितीने त्यांना पैसा दिला असेल-नसेल, पण एक खरा प्रश्न दिला आणि पाहावयास दार उघडे ठेवले.

येथे मला ट्रस्टविषयी आदरपूर्वक काही बोलावयाचे आहे. आपण दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो, वह्या-गणवेश देतो, शुल्कास साहाय्य करतो. हे चालू राहावेच. परंतु सत्कारातील ढाल मुलाच्या कपाटात राहते. त्याऐवजी, निदान त्याच्या जोडीने, केदारखेडा व परिसरातील आपल्या प्रत्येक पेढीने आपल्या धंद्यातील एकेक खरी अडचण कागदावर लिहून ट्रस्टकडे द्यावी. किराणा, कापड, खते-बियाणे, सोने-चांदी, आडत, कोणाचीही. विद्यार्थ्यांनी त्यांतून आपला प्रकल्प निवडावा. चातुर्मास वगळता आपल्या धर्मशाळेच्या खोल्या बहुतेक रिकाम्या असतात, तेथे बाहेरगावच्या मुलांची सोय होईल. भोजन सूर्यास्तापूर्वी मिळेल, एवढा आपला नियम त्यांना आधी सांगावा, म्हणजे कुचंबणा नको. मुलींसाठी आपल्यातील एखाद्या कुटुंबाने घर उघडावे. विद्यार्थी जैन असावा अशी अट घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जयपूरच्या समितीने पाय बसविताना जात विचारली नाही.

दोन शंका मी अगोदरच ऐकल्या आहेत. एक ज्येष्ठ बंधू म्हणाले, "घरची खतावणी परक्यापुढे उघडायची?" सगळी उघडू नका. मीही माझ्या खरेदीचे भाव त्या मुलींना दाखविले नव्हते, आणि तरीही त्यांचे काम अडले नाही. दुसरी शंका अधिक रास्त आहे. काही दुकानदार या मुलांकडे फुकटचा गडी म्हणून पाहतील, दिवसभर गठ्ठे उचलावयास लावतील. तसे घडल्यास तो शिक्क्याइतकाच खोटेपणा ठरेल. म्हणून ट्रस्टने दोन-तीन जाणत्यांची एक समिती नेमावी. तिने दर पंधरवड्यास पेढीवर जाऊन विद्यार्थ्याशी बोलावे आणि तिची सही असल्याशिवाय कोणत्याही पेढीने प्रमाणपत्र देऊ नये. आपल्याच भाच्या-पुतण्याला नाही म्हणण्याची वेळ येईल, तेव्हा ही समिती खरी उपयोगी पडेल. मला तेव्हा अशी आडकाठी असती, तर बरे झाले असते.

माझ्या दुकानाचा प्रश्न मी आज लिहूनच आणला आहे. लग्नाच्या बस्त्याला गावातील माणसे जालन्याला आणि सिल्लोडला जातात, आणि माझ्याकडून फक्त आहेराची टॉवेल-टोपी नेतात. असे का होते? भाव, माल, जागा, की मोबाइलवर पाहिलेली साडी दुकानात नसते म्हणून? मला अंदाज आहेत, उत्तर नाही. हा कागद मी चिटणीसांच्या हाती देत आहे. खाली सही केली आहे. शिक्का मारलेला नाही. काम झाल्यावर मारीन.