ज्युबिलीचा जमाखर्च

(महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीचा दिवस हा कृतज्ञतेचा दिवस होय. ज्यांनी आपल्या आधी येथे प्रार्थना केली, घाम गाळला आणि मुलांना श्रद्धा शिकविली, त्यांची आठवण करणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु पूर्वजांची स्तुती ऐकता ऐकता ती हळूच आपल्या अंगावर येऊन बसते, आणि 'आपण चांगले लोक आहो' हे मनात ठसते. असे ठसल्यावर मनुष्य पुढे कसा वागतो, एवढाच प्रश्न आज आम्ही आपणांपुढे ठेवणार आहो.

प्रारंभी आमचाच दोष सांगतो. पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी मिस्सेनंतर आम्ही ज्युबिलीच्या फंडात ऐपतीहून थोडी अधिक रक्कम दिली. चार माणसांनी वाखाणणी केली. सोमवारी सकाळी, आमच्या घराची कौले परतून दिलेला गडी दोन दिवसांची मजुरी मागावयास आला. "आता हातात काय नाय, पुढच्या आयतवारी ये," असे म्हणून आम्ही त्यास परत पाठविले. पैसे घरात होते. एरवी असे करताना आम्हांस लाज वाटली असती. त्या दिवशी ती मुळीच वाटली नाही. मनाच्या कोपऱ्यात कोणीतरी म्हणत होते, 'कालच तर एवढे दिले!' देवाच्या घरी जमा केलेल्या रकमेपोटी त्या गरिबाची मजुरी आम्ही जणू वळती करून घेतली. मजुराची मजुरी अडकविणे हे स्वर्गाकडे दाद मागणाऱ्या पापांपैकी एक आहे, हे आम्ही बालपणी धर्मशिक्षणात पाठ केले होते.

हा दोष एकट्या आमचाच नव्हे. मनोव्यापारांचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यास प्रयोगाच्या कसोटीवर घासून पाहिले आहे. २००१ साली मोनिन व मिलर ह्या अभ्यासकांस असे आढळले की, स्त्रियांना कमी लेखणारी विधाने खोडून काढण्याची संधी ज्यांस आधी मिळाली, तेच पुढे एखादी जागा पुरुषासच योग्य असे म्हणण्यास अधिक धजले. आपण निःपक्षपाती आहो, हा दाखला त्यांनी स्वतःच स्वतःस दिला होता. २००९ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगात काहींनी स्वतःविषयी सद्गुणांचे शब्द योजून गोष्ट लिहिली, काहींनी दुर्गुणांचे. नंतर धर्मादायाविषयी विचारता, पहिल्यांनी देऊ केलेली रक्कम दुसऱ्यांच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकीच भरली. पुढे हे प्रयोग पुनः करणाऱ्यांस दर वेळी तोच निकाल मिळाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तथापि परूशी व जकातदार ह्यांचा दाखला ज्यांनी ऐकला आहे, त्यांस ही गोष्ट सर्वस्वी नवी वाटणार नाही. परूशाने आपले उपास व दशांश मोजून दाखविले. त्याने सांगितलेले खोटे होते, असे प्रभू कोठेच म्हणत नाही. हिशेब खरा होता. तो मांडणे हीच चूक होती.

आपल्याकडेही असे दाखले थोडे नाहीत. 'आम्हां ख्रिस्ती लोकांत जातिभेद नाही' असे आपण सभेत अभिमानाने बोलतो. परंतु मुलीस स्थळ येताच पहिली चौकशी कशाची होते, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे. सभेतील ते वाक्यच आपणांस घरी मोकळीक देते, असे तर नव्हे?

मग सत्कृत्य केल्याने मनुष्य बिघडतो काय? तसेही नाही. १९६६ साली कॅलिफोर्नियात दोघा अभ्यासकांनी काही गृहस्थांस, गाडी जपून हाकण्याविषयीची लहानशी पाटी घरी लावावयास सांगितले. दोन आठवड्यांनी अंगणात एक भलीमोठी, कुरूप पाटी उभारू देण्याची विनंती केली, तेव्हा त्यांतील तीन-चतुर्थांश लोक कबूल झाले. पूर्वी काहीच न केलेल्यांतून सहांत एकच झाला. येथे पहिले सत्कृत्य दुसऱ्याची पायरी ठरले. आमच्या मते भेद एवढाच की, केलेले चांगले काम आपण शिल्लक म्हणून मोजतो, की पत्करलेले व्रत म्हणून आठवतो.

व्रताचे उदाहरण दूर शोधावयास नको. अप्पासाहेब पटवर्धन ह्यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून आग्रह धरला. उच्चवर्णीय कैद्यास ते मिळत नव्हते. त्यांच्यासाठी त्या डिसेंबरात येरवड्यास खुद्द गांधीजींनी उपवास आरंभिला. एवढ्या कीर्तीवर दुसरा कोणी जन्मभर निर्वाह करता! अप्पासाहेबांनी १९४८ साली आपल्या शेजारच्या कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापिला, आणि शौचकूप, मैला व खत ह्यांचे तेच काम पुढे चालविले. तुरुंगातील कृत्य त्यांनी प्रशस्तिपत्र म्हणून भिंतीस टांगले नाही; ते त्यांस उद्याचे काम सांगत राहिले.

आता 'ज्युबिली' ह्या शब्दाकडे वळू. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात ती आज्ञा आहे. पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकावे, विकलेली जमीन मूळ कुटुंबास परत जावी, आणि गरिबीने दास झालेल्याने आपल्या घरी जावे. लोकांनी आपले पुण्य मोजावे, असे तेथे सांगितलेले नाही. आपल्या हाती दुसऱ्याचे जे राहून गेले असेल ते परत करावे, असे सांगितले आहे. जमेची बाजू देवाने आपणाकडे ठेविली. देण्याची बाजू तेवढी आपल्या हाती दिली.

त्या गड्याची मजुरी आम्ही दिली; पण ती चार आठवड्यांनी, कुमसाराला गुडघे टेकल्यावर आठवण झाली तेव्हा. त्याने नोटा मोजल्या नाहीत, नुसती मान हलविली. ती हललेली मान आम्ही आज ह्या सभेत आमच्या नावे खर्ची टाकीत आहो.

बंधुभगिनींनो, आज रविवार आहे. बत्त्या लागल्या आहेत, जेवणाचा वास येत आहे, आणि आपण सर्व फार चांगले लोक आहो असे वाटत आहे. उद्या सोमवार आहे. कोणीतरी आपल्या दाराशी येईल. त्यास रिकामे न पाठविण्याची सुबुद्धी प्रभू आपणां सर्वांस देवो.