हिशेबाची वही



आमच्या घरात एक जुनी वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. ती माझ्या वडिलांची, अब्बांची. कामरगावात आमची थोडी कोरडवाहू शेती. अब्बांचं तरुणपण औतामागं आणि खळ्यावर गेलं. पेरणीचे किंवा सोंगणीचे दिवस आले की पाच नमाजांपैकी दोन-तीन सुटायच्या. साठी उलटली, दम्यानं घरी बसवलं, तेव्हा त्यांना या सुटलेल्या नमाजांची आठवण झाली. सुटलेली नमाज मागाहून भरून काढता येते. तिला आम्ही 'कजा' म्हणतो. अब्बांनी पंधराव्या वर्षापासूनचा अंदाज धरला. आकडा हजारांत गेला. मग रोज जेवढ्या कजा पढून होत, तेवढ्या रेघा ते वहीत ओढू लागले. चार उभ्या, एक आडवी. धान्याची पोती मोजताना ओढतात तशा.

कजा पढण्यात वावगं काही नव्हतं. पण अब्बांचा चेहरा बघवत नव्हता. रात्री उठून बसत. वही उघडून रेघा मोजत. "पुरणार नाही रे," म्हणत, "उरलेलं आयुष्य याला पुरणार नाही."

अम्माला लिहिता-वाचता येत नव्हतं. एका रात्री ती त्यांना म्हणाली, "अहो, तुम्ही अल्लाकडं मागताय, की त्याला मोजून देताय?"

अब्बा काही बोलले नाहीत. मीही तेव्हा गप्प बसलो. पण तिचा प्रश्न माझ्या मनात राहिला. पुढं कळलं की पाचशे वर्षांपूर्वी जर्मनीतला एक मठवासी याच प्रश्नाशी झगडला होता.

मार्टिन लुथर हे नाव बी.ए.च्या इतिहासात आम्हाला एका परिच्छेदापुरतं होतं. साल १५१७, गाव विटेनबर्ग, पंच्याण्णव कलमं, युरोपातली धर्मसुधारणा. परीक्षेला तेवढं पुरलं. अब्बांच्या वहीनंतर मी तो परिच्छेद पुन्हा वाचला आणि त्यामागचा माणूस शोधू लागलो.

लुथरचा जन्म १४८३ चा. वडील तांब्याच्या खाणीच्या धंद्यात. मुलानं वकील व्हावं ही त्यांची इच्छा. १५०५ च्या जुलैत वाटेत वादळानं गाठलं, वीज जवळच पडली, आणि घाबरलेल्या या तरुणानं नवस केला की वाचलो तर मठात जाईन. तो गेला. उपास केले, रात्री जागवल्या, थंडीत अंग गोठवलं. धर्मगुरूपुढं पापांची कबुली देण्याची तिथं रीत असते. लुथर ती तासन् तास द्यायचा. त्याचे वरिष्ठ योहान स्टाउपिट्झ कंटाळून जायचे. याचं आपलं एकच चाले: एखादं पाप आठवायचं राहून गेलं असलं तर? मनात असूनही जे मलाच दिसलं नाही, त्याचं काय? जितकं मोजावं तितकी बाकी वाढत होती. अब्बांच्या वहीसारखीच.

पुढं तो विटेनबर्गला बायबल शिकवू लागला. संत पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा अभ्यास करताना त्याला उमगलं की आपण 'देवाची नीतिमत्ता' या शब्दांचा अर्थ उलटा घेतला होता. त्याला वाटत होतं की देव या नीतिमत्तेच्या मापानं आपल्याला मोजतो. पौल सांगत होता की ती देव माणसाच्या पदरात घालतो. माणूस स्वतःच्या कर्मांनी देवापुढं उजळ ठरत नाही. ख्रिस्तानं त्याच्यासाठी जे केलं त्यावर विश्वास ठेवून हात पसरले की ते फुकट मिळतं. आणि हा विश्वास ठेवण्याचं बळसुद्धा देवच देतो. लुथरपंथी श्रद्धेचा गाभा एवढाच आहे. पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं तेव्हा पैसे घेऊन विकली जात. लुथर त्यांच्यावर का उठला, हे इथं कळतं. जे फुकट आहे त्याला तुम्ही भाव कसा लावता, असं त्याचं म्हणणं होतं.

यावरून युरोपात चर्च दुभंगलं, युद्धं झाली. त्यानंतर कित्येक शतकांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, जर्मनीतल्याच आउग्सबुर्ग शहरात लुथरन जागतिक संघ आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. माणसाचा स्वीकार देव त्याच्या कर्मांमुळं करत नाही, कृपेनं करतो, या मुद्द्याच्या मूळ गाभ्यावर त्यांचं एकमत झालं.

आता तुम्ही म्हणाल, सगळं देवाच्या कृपेनंच होणार असेल तर माणसानं हातपाय कशाला हलवायचे? लुथरलाही लोकांनी हेच विचारलं होतं. १५२० साली त्यानं ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्याचं सांगणं असं, की फळांमुळं झाड चांगलं होत नाही, झाड चांगलं असलं की फळं आपोआप चांगली येतात. देवाला खूश करण्याचं ओझं उतरलं की माणसाचे हात शेजाऱ्यासाठी मोकळे होतात.

हे जर्मनीतलं झालं. आपल्या मराठी मुलखात लुथरन मंडळी फारशी नाहीत. भारतात ती १७०६ मध्ये तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला आली. विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाड्याच्या बाजूला स्वीडनच्या लुथरन मिशनऱ्यांनी काम केलं. पण लुथरचा प्रश्न आपल्याकडं एका बाईनं स्वतः जगून पाहिला. त्या म्हणजे पंडिता रमाबाई. त्या लुथरपंथी नव्हत्या, हे आधीच सांगतो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात, अँग्लिकन पंथात झाला. त्यावरून आणि पुढं शारदासदनावरून पुण्यात जे रण माजलं, त्यात मला शिरायचं नाही. मला त्यांची मनातली वाट बघायची आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. सारं कुटुंब तीर्थामागून तीर्थ करत पायी हिंडलं. देवळात पुराणं सांगितली, उपास केले, होतं ते दानधर्मात दिलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात अन्न संपलं. काही महिन्यांच्या अंतरानं वडील, आई आणि थोरली बहीण गेली. ज्या माणसांनी देवासाठी करायचं काही शिल्लक ठेवलं नाही, ती उपाशी मेली. त्यांची मुलगी आयुष्यभर हा प्रश्न बरोबर घेऊन चालली.

आणि ख्रिस्ती झाल्यावर तरी तिला शांतता मिळाली का? लगेच नाही. १९०७ साली रमाबाईंनी आपली साक्ष इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केली. त्यात त्या मोकळेपणानं सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं माझ्याकडं ख्रिस्ताचा धर्म होता, ख्रिस्त नव्हता. धर्म बदलला, पण आपण काही करून पात्र ठरायचं ही जुनी धडपड तशीच राहिली. १८९१ च्या सुमाराला त्यांना कळलं की पात्र ठरल्यावर जावं असं ते ठिकाण नाहीच, आहे तसं जायचं असतं. लुथरला विटेनबर्गला जे सापडलं, ते रमाबाईंना इथं सापडलं.

त्यानंतर ही बाई हातावर हात ठेवून बसली का? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि मरणाच्या दारातल्या शेकडो मुलींना, विधवांना घेऊन आल्या. केडगावला मुक्तिसदन उभं केलं. त्या मुलींना लिहायला, विणायला, छापखाना चालवायला शिकवलं. बायबलचं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत करत राहिल्या. एवढं काम करणाऱ्या माणसाला कृपेनं आळशी केलं, असं कोण म्हणेल?

मी मुसलमान आहे. माझा धर्म आणि लुथरचा धर्म एकच सांगतात, असं मी म्हणणार नाही. आमच्याकडं कर्मांचा तराजू आहे, आणि नमाज-रोजा माणसावर फर्ज आहे. पण आमच्याच हदीसमध्ये पैगंबरसाहेबांनी सांगितलं आहे की केवळ आपल्या कर्मांच्या बळावर कुणीही जन्नतमध्ये जाणार नाही. सोबत्यांनी विचारलं, तुम्हीसुद्धा नाही? ते म्हणाले, मीसुद्धा नाही, अल्लाहनं आपल्या रहमतीनं झाकलं तरच. मात्र त्याच पैगंबरांनी उंटवाल्याला आधी उंट बांध आणि मग भरोसा ठेव, असंही सांगितलं. शिकलेल्या लोकांना ही हदीस माहीत असते. अब्बांनाही माहीत असेल. पण माहीत असणं आणि त्यावर पाठ टेकणं, यात फार अंतर आहे.

श्रोतेहो, हे अंतर कोरडवाहू गावात रोज दिसतं. आमच्याकडं सोयाबीन, तूर, कपाशी आभाळाच्या भरवशावर. पेरणं आपल्या हाती, पाणी त्याच्या हाती, हे सगळेच म्हणतात. पण पाऊस चांगला झाला की त्याच माणसाला गाव मेहनती म्हणतं आणि उघडीप पडून पीक वाळलं की आळशी ठरवतं. शेत तेच, माणूस तोच, घामही तेवढाच. मृगात पेरलेलं करपलं, दुसऱ्यांदा पेरलेलंही गेलं, म्हणून ओट्यावर मान खाली घालून बसलेला शेजारी मी पाहिला आहे. "माह्यंच चुकलं," एवढंच तो बोलत होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. पण पीक हातचं गेलं तशी आपली किंमतही गेली, असं त्याला वाटत होतं. या वाटण्यानं विदर्भात किती घरं उघडी पडली, ते मी सांगायला नको. कर्जाचे, भावाचे, पाण्याचे प्रश्न आहेत. ते सरकारदरबारी सुटले पाहिजेत, कृपेच्या गोष्टी सांगून ते झाकता येणार नाहीत. पण त्या शेजाऱ्याला कुणी तरी सांगायला हवं होतं की तुझी किंमत तुझ्या एकरी उताऱ्यावर ठरत नाही. ती आधीच दिलेली आहे. मी त्या दिवशी त्याच्याजवळ जाऊन बसलो. तो पुष्कळ वेळ गप्प होता, मग चहा प्यायला आला.

लुथरची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १५२५ मध्ये शेतकऱ्यांनी बंड केलं तेव्हा त्यानं त्यांच्याविरुद्ध अत्यंत कठोर लिहिलं. १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध लिहिलं ते तर वाचवत नाही. देवाची कृपा फुकट आहे हे ज्यानं जगाला सांगितलं, त्यालाही ती दुसऱ्यापर्यंत पोचवता आली नाही. कृपा मिळाली म्हणणाऱ्याची परीक्षा इथंच होते. आपल्याला हिशेबातून सूट मिळाली असेल, तर आपण दुसऱ्याचा हिशेब मांडायला का बसतो?

अम्माच्या त्या प्रश्नानंतर अब्बांनी नमाज सोडली नाही, कजाही पढत राहिले. पण रेघा ओढणं हळूहळू थांबलं. रात्रीचं उठून बसणंही थांबलं. दोन वर्षांनी ते गेले, झोपेत, शांतपणे. आकडा पुरा झाला नव्हता.

ती वही आजही आहे. अर्ध्या पानांवर अब्बांच्या रेघा. उरलेल्या पानांवर अम्मानं दूधवाल्याचा हिशेब ठेवला, तोही रेघांनीच. कोरी पानं वाया घालवणं तिला पटलं नाही. तिचं म्हणणं होतं, हिशेब दूधवाल्याशी ठेवावा, वरच्याशी ठेवू नये.