रात्री दोनचा फोन



मी बालरोगतज्ज्ञ आहे. भारतीय बालरोग अकादमी १९६३ साली स्थापन झाली. तिच्या उपचार-मार्गदर्शिका आज मोबाइलवर मोफत वाचता येतात. जरूर वाचा. पण जन्मलेलं बाळ श्वास घेत नाही, तेव्हा हातात एकच मिनिट असतं. त्या मिनिटात हाताचा सराव कामी येतो. आणि पुढे, रात्री दोनलाही फोन उचलणारा सिनियर.

मला 'कोट्यातली' म्हणून अंबू बॅग सगळ्यांच्या शेवटी धरायला मिळाली. सिनियरांचे नंबर इतरांकडे घरच्या ओळखीतून आलेले होते. माझ्या घरात डॉक्टर झालेली मीच पहिली.

म्हणून माझा नंबर फळ्यावर लिहिते आहे. कुठल्याही तालुक्यातून, कितीही वाजता फोन करा. विचारायला लाजू नका. आपल्या लाजण्याची किंमत बाळ मोजतं.

जय भीम!