आग्या मोहोळातल्या कामकरणी

अजिंठ्याच्या लेण्यांवर कड्याला काळी पोळी लटकलेली असतात, ते आग्या मोहोळ. आपल्याकडे पाण्याच्या टाकीला, वडाच्या फांदीलाही ते बसतं. पिल्लं सांभाळणं, राखण करणं, मध आणणं, सगळं माद्याच करतात. नराला तर नांगीसुद्धा नसते! आमच्या गटात हे सांगितलं तेव्हा हसून पुरेवाट झाली.

गांधीलमाशी आली की पोळ्यावरच्या माश्या एकामागून एक पोट वर उचलतात. पोळ्यावर लाट सरकते आणि गांधीलमाशी मागं फिरते. फुलं सापडली की माशी पोळ्यावर नाचते. त्यावरून बाकीच्यांना दिशा नि अंतर कळतं. मधमाशीची ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं.

आता आपल्या कांद्याच्या बियाण्याचं. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतो, मादीचा भाग नंतर तयार होतो. म्हणून पराग दुसऱ्या फुलावरून यावा लागतो, तो आणते माशी. माशी नाही तर बी भरत नाही. आणि आपण ऐन फुलोऱ्यात, भर दिवसा फवारतो. वर मधासाठी पोळं जाळतो.

फुलोऱ्यात फवारणी टाळाच. करावीच लागली तर सूर्य मावळल्यावर. मोहोळाखाली धूर करू नका, पोरांना दगड मारू देऊ नका. माश्या चवताळल्या तर जिवावर बेततं. बहर सरला की त्या आपणहून उठून जातात. तोवर त्या वाटेनं जरा लांबून चाला.