उड्डाणानंतरचं पहिलं मिनिट

आपल्या वाहननगरच्या व्हीआरडीईत लष्करी गाड्यांचं काम चालतं, हे नगरच्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण ‘निशांत’ या मानवरहित विमानाच्या देशी वँकेल इंजिनाची इग्निशन आणि इंधनपुरवठ्याची बाजू याच संस्थेनं सांभाळली, हे फार थोड्यांना माहीत असतं. इंजिनाचा गाभा बंगळुरूच्या एनएएल या प्रयोगशाळेचा. वजन साधारण 30 किलो, ताकद 55 अश्वशक्ती. 2009 साली कोलारजवळ हे इंजिन निशांतला घेऊन उडालं. निशांतला चाकं नव्हती, ट्रकवरच्या रुळावरून त्याला हवेत झोकत. झोकल्याबरोबर इंजिन गेलं तर शेत निवडायला आत माणूस नाही आणि पॅराशूट उघडायला उंची नाही. म्हणून अशा इंजिनाचा कस आधी जमिनीवरच लागतो.

आत माणूस असला तरी हिशेब फारसा सैल होत नाही. सेस्ना 172 घ्या. इंजिन बंद पडलं की ते मिनिटाला साधारण 700 फूट खाली येतं. म्हणजे 500 फुटांवर हाती चाळीसेक सेकंद, आणि त्यातली चार-पाच तर काय झालं हे उमगण्यातच जातात. धावपट्टी मागे असते, मन तिकडेच ओढ घेतं. पण अर्धा वळसा घेतला की विमान पट्टीवर येत नाही, तिच्या बाजूला येतं. अजून वळावं लागतं, मग पुन्हा उलटं. घाईत पंख 45 अंश कलले की स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंखांची उचल तुटते तो वेग, 19 टक्क्यांनी वाढतो, 60 अंशांना 41 टक्क्यांनी. इतक्या खाली स्टॉल झाला तर सावरायला जागाच उरत नाही. जीव घेतो तो हा वळसा, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून नाक खाली, वेग राखायचा आणि समोर, डाव्या-उजव्या तीस अंशांत जे रान मोकळं दिसेल ते धरायचं. आपल्याकडे उभा ऊस, विजेच्या तारा, विहिरी. हे सगळं उडण्याआधीच पाहून ठेवायला हवं. 25 जुलै 2022 ला बारामतीहून एकटी उडालेली शिकाऊ वैमानिक इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात उतरली. तिच्यावर प्रसंग वाटेत आला होता, उड्डाणाच्या वेळी नव्हे. विमान मोडलं, ती वाचली.

आता इंजिन बंद पाडणाऱ्या, इंधनातल्या पाण्याचं सांगतो, कारण पावसाळा तोंडावर आहे. टाकीत साचलेलं पाणी इंधनापेक्षा जड, ते तळाशी बसतं. नळीतल्या चांगल्या इंधनावर इंजिन धावपट्टीपर्यंत सुरळीत चालतं. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर पाणी पोचतं, तेही नेमकं चाकं सुटल्यावर. म्हणून उड्डाणाआधी टाकीच्या तळातून पारदर्शक पेल्यात थोडं इंधन काढतात. 100 एलएल हे विमानाचं इंधन निळसर असतं, पाणी खाली वेगळं दिसतं. पण पेल्यात निव्वळ पाणीच आलं, तर मधली रेष दिसत नाही, आणि नवखा पोरगा ‘स्वच्छ आहे’ म्हणून निघतो. या सभागृहात वैमानिक व्हायला निघालेली मुलं बसली आहेत, त्यांना सांगतो: रंग पाहा, वास घ्या, आणि जराही शंका आली तर पुन्हा काढून पाहा.