आधी बोट, मग आवाज



‘ऑनलाइन कोर्समधला आपोआप वाजणारा आवाज’ हा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी मला विचारलं, हे तर संगणकवाल्यांचं काम, व्याख्यानमालेत कशाला? आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आज जिल्हा परिषदेचे शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचत गटांच्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताई, कृषी खात्याचे कर्मचारी, कॉलेजातली मुलं, सगळ्यांच्या वाट्याला कधी ना कधी ऑनलाइन कोर्स येतो. २०१७ साली ‘दीक्षा’ आणि ‘स्वयम्’ ही सरकारी शिक्षण-पोर्टलं सुरू झाली, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले, २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा शिक्षकांचं ‘निष्ठा’ प्रशिक्षणही मोबाईलवर आलं. शिकण्याचा एवढा मोठा भाग ज्या दारातून आत येतो, ते दार कुठे अडकतं हे सगळ्यांना ठाऊक असायला हवं. म्हणून हा विषय.

अडचण कशी दिसते ते सांगतो. घाटंजी तालुक्यातल्या एका शाळेत, दुपारच्या सुट्टीत, शिक्षक मंडळी एक प्रशिक्षण पूर्ण करायला बसली होती. कोर्स उघडला. पडद्यावर निवेदन करणाऱ्या बाई दिसतात, पण स्थिर, आवाज नाही. एका मॅडमनी आवाजाचं बटण वरपर्यंत दाबलं, इअरफोन काढून पुन्हा लावला, मोबाईल बंद करून सुरू केला. मग हताश होऊन म्हणाल्या, “सर, माया मोबाईलच बिघडला वाटते.” खाली ‘पुढे’ हे बटण राखाडी होतं. ते निवेदन संपल्याशिवाय उघडणार नव्हतं, आणि निवेदन तर सुरूच झालं नव्हतं. शेवटी कोणाचं तरी बोट सहज चित्रावर पडलं आणि आवाज आला.

मोबाईल धडधाकट होता. रेंजही होती. ब्राउझरनं आवाज अडवला होता, आणि कोर्स बनवणाऱ्यानं ती शक्यता गृहीतच धरली नव्हती.

हे असं का झालं, त्याला थोडा इतिहास आहे. सीडीवरच्या आणि फ्लॅशमधल्या धड्यांचा काळ आठवा. धडा उघडला की संगीत वाजायचं आणि निवेदक बोलायला लागायचा. परवानगी विचारायची पद्धतच नव्हती. बनवणाऱ्यांच्या हाताला तेच वळण लागलं. पुढे जाहिरातवाल्यांनी त्याचा अतिरेक केला; बातमी वाचायला पान उघडावं तर कोपऱ्यातून कोणीतरी ओरडायला लागे. त्यावर उपाय म्हणून सप्टेंबर २०१७मध्ये ‘सफारी’ ब्राउझरच्या ११व्या आवृत्तीनं संगणकावर आपोआप वाजणारा आवाज रोखला. एप्रिल २०१८मध्ये क्रोमची ६६वी आवृत्ती त्याच वाटेनं गेली आणि मार्च २०१९मध्ये फायरफॉक्सची ६६वी. मोबाईलवर तर हे बंधन आधीपासूनच होतं. आयफोननं ते ग्राहकाचा डेटा वाचवायला घातलं होतं. नियम थोडक्यात असा: वापरणाऱ्यानं त्या पानावर कुठेतरी बोट लावावं, क्लिक करावं, मग आवाज काढा. मूक चित्र मात्र बहुतेक ठिकाणी आपोआप चालू शकतं.

हा नियम मला मनापासून पटतो. घरात म्हातारं माणूस झोपलेलं असतं, शाळेत शेजारच्या वर्गात शिकवणं चालू असतं, एसटीत माणसं दाटीनं बसलेली असतात. तिथे आवाज कधी निघावा हे पुण्या-मुंबईत बसून कोर्स बनवणाऱ्यानं का ठरवावं? आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचा विचार करा. तो पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या आवाजाच्या आधारानं चालतो. त्यावर कोर्सनं आपला आवाज चढवला की त्याला ‘थांबवा’ हे बटण कुठे आहे तेही ऐकू येत नाही. म्हणून तर २००८च्या आंतरराष्ट्रीय वेब-सुगम्यता निकषांत लिहिलं आहे की, तीन सेकंदांहून जास्त वेळ आपोआप वाजणारा आवाज थांबवायची किंवा कमी करायची सोय दिलीच पाहिजे.

मात्र या नियमात एक सवलत आहे, ती मला अजिबात पटत नाही. संगणकावरचं क्रोम प्रत्येक संकेतस्थळाची नोंद ठेवतं: इथे या माणसानं सात सेकंदांहून जास्त वेळ, आवाज चालू ठेवून, समोर ठेवून काही पाहिलं का? अशी सवय दिसली की त्या स्थळाला पुढच्या वेळी आपोआप बोलू देतं. आणि ज्याचा असा इतिहासच नाही, त्याच्यासाठी हजाराहून जास्त स्थळांची तयार यादी २०१८ सालीच दिली गेली. म्हणजे ज्या मोठ्या स्थळांवर सारं जग आधीच व्हिडिओ पाहतं, त्यांना बोलायची मुभा. आणि दारव्ह्याच्या किंवा वणीच्या एखाद्या संस्थेनं मेहनतीनं केलेला धडा पहिल्या दिवशी मुका. नियम सगळ्यांना सारखा हवा होता.

यातून दुसरी फसगतही होते. कोर्स बनवणारा आपलंच पान दिवसभर उघडून ऐकत असतो. त्याच्या क्रोमला त्या पानाची सवय होते, त्याच्याकडे धडा खडखडीत बोलतो. तो म्हणतो, माझ्याकडे तर चालतंय. शिकणाऱ्याकडे मात्र कोरा ब्राउझर असतो.

आता कोणी म्हणेल, मग आवाज काढूनच टाका, नुसता मजकूर द्या. आपल्या जिल्ह्यात ते चालणार नाही. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर भागात कोलामी आणि गोंडी घरात बोलली जाते, पुसद-दिग्रसकडे तांड्यांवर गोरमाटी. छापील प्रमाण मराठी वाचून समजणं वेगळं आणि कोणी समजावून सांगितलेलं कानानं ऐकणं वेगळं. २०१७च्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यातले शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीच्या सुरक्षेवर मी एक छोटा धडा लिहिला, तेव्हा हेच डोळ्यांपुढे होतं. डब्यावरची बारीक अक्षरं ज्याला वाचता येत नाहीत, त्याच्यासाठीच तो आवाज होता. ‘वाऱ्याची दिशा पाहून फवारा’ हे वाक्य धड्यात पहिलंच आहे. तेच वाक्य ब्राउझरनं गिळलं तर धड्याचा जीवच गेला.

म्हणून ‘आवाज बंद ठेवून चित्र आपोआप सुरू करा’ ही पळवाट मला मान्य नाही. माणूस आवाजाची खूण शोधेपर्यंत पहिली चार वाक्यं निघून जातात, आणि डेटा जातो तो वेगळाच. ‘सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्या’ असा मेसेज ग्रुपवर टाकणं हाही उपाय नव्हे. प्रत्येक मोबाईलवर ती जागा वेगळी; चूक बनवणाऱ्याची आणि भार शिकणाऱ्यावर, हे बरोबर नाही.

खरा उपाय साधा आहे. पहिल्या पडद्यावर मोठं बटण ठेवा, ‘धडा सुरू करा’. माणूस तयार झाला की दाबेल, ब्राउझरला हवा असलेला स्पर्श मिळेल, आवाज येईल. आतल्या कामात तीन जागा मात्र सांभाळायला लागतात, आणि तिथेच बहुतेक कोर्स अडखळतात. पहिली जागा चौकटीची. कोर्स अनेकदा दुसऱ्या स्थळावरून आणून पोर्टलच्या पानातल्या चौकटीत बसवलेला असतो. बाहेरच्या पानावरचा क्लिक आतल्या परक्या चौकटीला आपोआप लागू होत नाही. बाहेरच्या पानानं तिला वाजवायची परवानगी लिहून द्यावी लागते. ती एक ओळ राहिली की आतला धडा गप्प. दुसरी जागा आयफोनची. तिथे दर पानाला नवा प्लेअर ठेवला तर पहिलं पान बोलतं आणि दुसरं अडतं. पूर्ण धड्यात एकच प्लेअर ठेवून त्यातली फाईल बदलत गेलं की काम होतं. तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची. वाजवण्याची आज्ञा ब्राउझरनं नाकारली, तर तो तसं कोर्सला कळवतो. तो नकार ऐका आणि लगेच बटण दाखवा. तो न ऐकता ‘निवेदन संपलं की पुढे’ अशी अट घातली, म्हणजे घाटंजीच्या त्या मॅडमसारखं होतं: माणूस अडकतो, कोर्स अपूर्ण दिसतो, प्रमाणपत्र येत नाही, आणि वरून खुलासा मागणारं कार्यालयाचं पत्र येतं.

निवेदनाखाली त्याचा पूर्ण मजकूर असावाच. ज्याला ऐकू येत नाही, ज्याचा इअरफोन तुटलाय, ज्याची रेंज गेली, त्यालाही पुढे जाता आलं पाहिजे.

इथे जिल्हा परिषदेतले, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतले (डाएट), कृषी खात्यातले अधिकारी बसले आहेत, म्हणून त्यांना हात जोडून एक मागणी करतो. कोर्स बनवून घेताना करारातच लिहा: बिल मंजूर होण्याआधी हा धडा तालुक्याच्या गावी, साध्या स्वस्त मोबाईलवर, इतिहास पुसलेल्या ब्राउझरमध्ये, ज्यांच्यासाठी बनवला त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी हातात देऊन चालवून पाहिला जाईल. त्या वेळी बनवणाऱ्यानं शेजारी बसावं, पण ‘इथे दाबा’ असं सांगू नये.